पहिली कादंबरी आणि स्वप्रकाशन : ईबुकचा मार्ग समजून घेऊया

आपल्या वस्त्यांतील आणि गावांतील तरुण-तरुणी आज भरपूर लिहीत आहेत. अनेकांकडे पूर्ण झालेली कादंबरी वहीत किंवा मोबाईलमध्ये पडून आहे. गाडी अडते ती प्रकाशकापाशी. एकीकडून महिनोन्महिने उत्तर येत नाही, तर दुसरीकडून छपाईचा खर्च द्या आणि दोन-तीनशे प्रती तुम्हीच उचला असे सांगितले जाते. रोजंदारीवर घर चालणाऱ्या कुटुंबातील मुलाला हे परवडणारे नाही. ईबुकने ही कोंडी बऱ्याच प्रमाणात फोडली आहे. छपाईचा खर्च नाही आणि प्रतींचे गठ्ठे घरात ठेवायचे नाहीत. मात्र प्रकाशक नाही म्हणजे प्रकाशकाची कामेही नाहीत, असा समज करून घेऊ नये. ती सगळी कामे आता लेखकाच्या अंगावर येतात.

स्वप्रकाशनात कमीपणा नाही

"स्वतःच छापले म्हणजे दर्जा नसेल" हा टोमणा आपण ऐकत आलो आहोत. त्याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना 1936 च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. छापील भाषण वाचल्यावर मंडळाला त्यातील काही भाग नको वाटला. बाबासाहेबांनी बदल करण्यास ठाम नकार दिला आणि परिषद रद्द झाली. ते भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले, 1500 प्रती. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. दोन महिन्यांत आवृत्ती संपली. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही जोडले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. आपले शब्द कोणाच्या मर्जीवर ठेवायचे नाहीत ही पहिली. आणि टीकेला तोंड द्यायची तयारी ठेवायची ही दुसरी.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरणही विसरू नये. 'जिणं आमुचं' त्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिले आणि ते लिखाण सुमारे वीस वर्षे तसेच राहिले. पुढे ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि मग पुस्तक झाले. आजच्या मुलीला वीस वर्षे थांबण्याचे कारण उरलेले नाही.

आधी संपादन

अपलोडचे बटण दाबणे सोपे आहे, म्हणूनच सर्वात जास्त घाई इथे होते. किमान तिघांना हस्तलिखित वाचायला द्या. एक, ज्याला तुमच्या कथेतील जग माहीत आहे. दुसरा, ज्याला ते अजिबात माहीत नाही, पण जो कादंबऱ्या वाचतो. तिसरा, ज्याची भाषा आणि शुद्धलेखन पक्के आहे. कार्यकर्त्याने लिहिलेल्या कादंबरीत एक दोष हमखास दिसतो : पात्रे बोलायची थांबतात आणि भाषण सुरू होते. असा भाग पहिला वाचक बहुतेक वेळा सांगत नाही, कारण त्याला ते विचार पटलेले असतात. दुसरा वाचक तिथे कंटाळतो आणि त्याचे ऐकावे.

बोलीबाबत मात्र ठाम राहा. वऱ्हाडी किंवा मराठवाडी आजीचे बोलणे मुद्रितशोधकाने "शुद्ध" करू नये. फक्त एकच शब्द दहा पानांत तीन प्रकारे लिहिला जात नाही ना, एवढे तपासून घ्या.

यूनिकोड आणि ईपब

अनेकांनी कादंबरी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप करून घेतलेली असते. तो मजकूर ईबुकसाठी यूनिकोडमध्ये आणावाच लागतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती जोडाक्षरांत गडबड करतात. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांसारखे शब्द, रफार आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासा. नव्याने टाईप करत असाल तर थेट यूनिकोडमध्येच करा. मोबाईलवर बोलून टाईप करणेही आता बऱ्यापैकी जमते.

फाईल ईपब प्रकारात बनवा. पीडीएफमध्ये पान गोठलेले असते, त्यामुळे लहान मोबाईलवर वाचणारा सतत बोटाने मोठे-लहान करत बसतो. ईपबमध्ये अक्षर हवे तेवढे मोठे होते आणि मजकूर पडद्याप्रमाणे जुळतो. लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्समधून ईपब फुकट तयार होते. प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग' शैली दिली की अनुक्रमणिका आपोआप बनते. पुस्तकाची भाषा 'मराठी' अशीच निवडा. हिंदी निवडली तर काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. फाईल साध्या मोबाईलवर उघडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा.

मुखपृष्ठासाठी इंटरनेटवरून उचललेला फोटो वापरू नका, त्यावर कोणाचा तरी हक्क असतो. आपल्या विहारात येणारा एखादा कलाशिक्षणाचा विद्यार्थी शोधा आणि त्याला मोबदला द्या.

हक्क आणि परवानगी

कॉपीराइट कायदा 1957 नुसार लिखाण पूर्ण होताच हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र वाद झाल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी हजारो रुपये मागणारा "पॅकेज"वाला भेटला तर तिथूनच मागे फिरा. कोणत्याही करारावर सही करण्याआधी चित्रपट, अनुवाद आणि ऑडिओचे हक्क कोणाकडे जातात ते वाचा.

आपल्या कादंबऱ्यांत भीमगीते येणारच. पण भारतात हक्क लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो. वामनदादा कर्डक यांचे निधन 2004 चे आहे. त्यांच्या ओळी छापायच्या तर हक्कदारांची लेखी परवानगी घ्या, किंवा गाणे ऐकू येत असल्याचा फक्त उल्लेख करा.

ज्यांचे दुःख लिहिले, त्यांची जबाबदारी

हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आपले कार्यकर्ते अत्याचाराच्या घटनांत धावून जातात, जबाब आणि कागदपत्रे पाहतात आणि पुढे त्यावर लिहितात. पण "ही काल्पनिक कथा आहे" या एका ओळीने जबाबदारी संपत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. नाव बदलले, पण गाव, आडनाव, वडिलांचा व्यवसाय आणि तारीख तीच ठेवली, तर पंचक्रोशीत ओळख पटतेच. खटला चालू असेल तर साक्षीदारही अडचणीत येऊ शकतात. म्हणून तपशील खरोखर बदला आणि शक्य असेल तिथे त्या कुटुंबाला आधी विचारा. छापील पुस्तकापेक्षा ईबुक गावात लवकर पोहोचते, हे लक्षात ठेवा.

कुठे ठेवायचे, किंमत किती?

अ‍ॅमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर मराठी पुस्तक स्वतः, फी न देता प्रकाशित करता येते. बँक खाते आणि पॅन लागते. वाचकाला वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही, किंडल अ‍ॅप मोबाईलवर चालते. मानधनाचे दोन दर आहेत : 35 आणि 70 टक्के. भारतातील विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर 'केडीपी सिलेक्ट'मध्ये नाव घालावे लागते. मग 90 दिवस तेच ईबुक दुसरीकडे विकता येत नाही की फुकटही वाटता येत नाही, आणि आपण बंद केले नाही तर ही मुदत आपोआप पुढे सरकते. पैसे महिना संपल्यानंतर साधारण 60 दिवसांनी येतात. गूगल प्ले बुक्स आणि पुण्याचे बुकगंगा हेही पर्याय आहेत. प्रतिलिपीवर प्रकरणे क्रमशः टाकून वाचक तयार करता येतो, पण तीच कादंबरी 'सिलेक्ट'मध्ये घालायची असेल तर आधी तिथून काढावी लागेल.

किंमत कमी ठेवा, पण उगाच फुकट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरवणे ही समाजसेवा आहे असे आपल्याकडे अनेकांना वाटते. त्याने लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकाचा मार्ग बंद होतो, हे आपण एकमेकांना सांगितले पाहिजे.

वाचक आपल्याकडेच आहे

दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक पुस्तके विकत घेण्यासाठी रांगा लावतात. ईबुक स्टॉलवर मांडता येत नाही, पण मुखपृष्ठ, चार ओळींचा परिचय आणि क्यूआर कोड असलेले कार्ड ठेवता येते. वर्षावासात विहारांमध्ये ग्रंथवाचन होते, तेव्हा लोक एकत्र जमतात. अशाच एखाद्या रविवारी युवक मंडळाने तासभर नव्या लेखकाचे एक प्रकरण वाचून चर्चा ठेवावी. वाचून झाल्यावर दोन ओळींचा प्रामाणिक अभिप्राय दुकानाच्या पानावर टाका. खोटी स्तुती नको, ती लेखकाला वाढू देत नाही.

प्रत्येक तालुक्यात तीन-चार जणांचा गट पुरेसा आहे : एक संपादन करणारा, एक तांत्रिक बाजू सांभाळणारा, एक चित्रकार आणि एक लोकांपर्यंत नेणारा. या वर्षी एक कादंबरी नीट काढली, तर पुढच्या वर्षी त्याच गटाकडे दुसरे हस्तलिखित येईल.

जय भीम, नमो बुद्धाय!