रविवारचा चहा आणि कवितेचे सोबती

कविता एकट्यालाच सुचते, अशी आपली समजूत आहे. रात्रीची शांतता, टेबलावरचा दिवा, बाहेर पाऊस आणि कवी आपला एकटाच, हे चित्र मनात पक्के बसलेले असते. त्यामुळे ज्याला लिहावेसे, गावेसे, रंगवावेसे वाटते, तो बहुधा एकटाच स्फूर्तीची वाट पाहत राहतो. ती काही येत नाही. मग वही कपाटात जाते, पेटीवर खोळ चढते आणि ‘आता वेळच मिळत नाही’ हे वाक्य घरात रुळून जाते.

मराठी कवितेतल्या एका मित्रमंडळाची हकिकत मात्र निराळेच काही सांगते.

१९२३च्या सुमारास पुण्यात काही मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमू लागली. कोणी शिक्षक, कोणी प्राध्यापक, कोणी कचेरीत काम करणारे. सगळी पोटापाण्याच्या उद्योगातली माणसे. या बैठकीतून उभे राहिले ते रविकिरण मंडळ. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, द. ल. गोखले आणि नाट्यछटाकार दिवाकर असे हे आठ जण. सात पुरुष आणि एकट्या मनोरमाबाई, म्हणून सप्तर्षी आणि अरुंधती ही उपमाही त्यांना मिळाली.

आपापली शिदोरी

या आठ जणांना एकत्र बांधणारी पहिली गोष्ट म्हणजे वाचन. आणि गंमत अशी, की प्रत्येकाची शिदोरी वेगळी होती. माधव जूलियन फार्सीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फार्शी-मराठी कोश निघाला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मराठीत आणल्या आणि गझल मराठी मातीत रुजवण्याचा ध्यास घेतला. त्यांचा ‘गज्जलांजलि’ हा संग्रह १९३३चा. दिवाकर त्याआधीपासून नाट्यछटा लिहीत होते. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकमुखी नाट्यकवितेवरून त्यांना ही वाट दिसली आणि त्या वाटेवर त्यांनी आपल्या पेठांतली, वाड्यांतली माणसे बोलती केली. गिरीशांनी टेनिसनच्या ‘इनॉक आर्डन’ या कथाकाव्याला ‘अनिकेत’ हे मराठी रूप दिले.

म्हणजे त्या एका चहाच्या बैठकीत इराणही होता, इंग्लंडही होता आणि पुणे तर होतेच. एकट्याने सारे वाचून होत नाही. पण मित्राने वाचलेले मित्राच्या तोंडून कळते आणि आपल्या मनात काही हलू लागते. स्फूर्ती म्हणून जिला आपण आकाशातून आणू पाहतो, ती पुष्कळदा अशी शेजारच्या खुर्चीवरून येते.

एकाची वाट, तिघांची पावले

खंडकाव्याचेच पाहा. एक कथा घेऊन दीर्घ कविता लिहायची, आणि तीही पुराणातली नव्हे तर आजच्या माणसांची, याची गोडी या मित्रांना लागली. गिरीशांचे ‘अभागी कमल’ १९२३चे. माधव जूलियन यांचे ‘विरहतरंग’ १९२६ साली आले आणि १९२८ साली ‘सुधारक’. त्याच वर्षी गिरीशांनी ‘आंबराई’त खेड्यातले जग रंगवले. यशवंत येरवड्याच्या मुलांच्या तुरुंगात नोकरीला होते. चुकल्यामाकल्या मुलांचे तिथले जिणे त्यांनी जवळून पाहिले आणि १९३२ साली ‘बंदीशाळा’ लिहिली. वाट एकच, पण त्या वाटेवर प्रत्येकाला दिसले ते आपल्या आयुष्यातले. मित्राची नक्कल करण्यात आणि मित्रामुळे धीर येण्यात एवढे अंतर आहे.

पुस्तकेही त्यांनी मिळून काढली. ‘किरण’ हा मंडळाचा पहिला संग्रह १९२३चा. घाटे आणि माधव जूलियन यांचे मिळून ‘मधु-माधव’, तर रानडे पतिपत्नींचे ‘श्रीमनोरमा’. नवराबायकोच्या कविता एका पुस्तकात शेजारी शेजारी छापल्या जाव्यात, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मनोरमाबाई १९२६ साली गेल्या. रविवारच्या त्या बैठकीने आणि त्या पुस्तकाने त्यांच्या कवितेला श्रोते मिळवून दिले. असे सोबती न भेटल्यामुळे किती घरांतल्या किती वह्या चुलीपाशीच विरून गेल्या असतील!

शिवाय यशवंत आणि गिरीश आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवत. मासिकाच्या पानावर थांबलेली कविता त्यामुळे चार माणसांच्या ओठांवर गेली. समोर बसलेला माणूस डोलतो आहे की जांभई देतो आहे, हे कवीला तिथल्या तिथे कळू लागले. याहून खरी शाळा कोणती?

कौतुकाचा धोका

सारेच गोड होते असे मात्र नाही. मंडळ म्हटले की आपसांतली वाहवा आली, ठरावीक लकबी आल्या. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’मधून या पिढीच्या कवितेची मनसोक्त टर उडवली. पुढे मर्ढेकर आले आणि रविकिरणी वळणाची कविता अनेकांना फार गुळगुळीत वाटू लागली. मंडळीही पांगली. माधव जूलियन १९२८ पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवू लागले. १९३९ साली ते गेले.

तरीही काही उरलेच. मराठी गझलेचा विचार जूलियन यांना वगळून करता येत नाही, आणि ‘आई’ म्हटले की यशवंतांची कविता आजही आठवते. मैत्री कोणाला प्रतिभा देत नाही. ती देते एक तारीख. येत्या रविवारी कोणीतरी ‘काय आणलंस?’ असे विचारणार आहे, एवढ्या धाकाने आणि एवढ्या लोभाने अर्धवट कविता पुरी होते.

मंडळाला २०२३ साली शंभर वर्षे झाली. अशी बैठक जमवायला आजही फारसे काही लागत नाही. चार माणसे, एक ठरलेला वार, प्रत्येकाने वाचलेले वेगवेगळे पुस्तक आणि हातात काहीतरी नवे: आठ ओळी, एक चित्र, एखादी चाल. चौघांतला एक तरी स्पष्ट बोलणारा असावा आणि त्याचे बोलणे ऐकून घेण्याची बाकीच्यांची तयारी असावी. घरात आजी असेल, शाळकरी नात असेल, तर बैठकीतल्या दोन खुर्च्या भरल्याच म्हणायच्या. राहता राहिला चहा. तो तर रविवारी होतोच.