प्रॉक्सी घेताय? पत्ता कुणाचा, ते विचारा

गारखेड्यातली आपली काही पोरं घरबसल्या वेबसाइटवरचे दर, जाहिराती गोळा करून देतात. एकाच आयपी पत्त्यावरून हजारो वेळा मागणी गेली की साइट दार लावते. म्हणून प्रॉक्सी, म्हणजे मधला दुसऱ्याचा पत्ता.

आम्ही सांगतो, भाव-वेग नंतर बघा. तो पत्ता कुणाचा, त्याची इजाजत घेतली का, हे लेखी मागा. ‘९११ एस५’ सेवा फुकट व्हीपीएनमधून लोकांचे संगणक गुपचूप वापरायची. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ती बंद पाडली, तेव्हा १ कोटी ९० लाखांहून जास्त पत्ते निघाले. फसवणूक भलत्याची, पत्ता मात्र बिचाऱ्या घरवाल्याचा!

साइटमालकाच्या परवानगीविना डेटा उचलला, तर आयटी कायद्याचं कलम ४३ आहेच. तिथे चांगली प्रॉक्सीही वाचवत नाही.