विश्लेषण : ४,२६५ किलोमीटरची वाट, पाठीवर सहा दिवसांची शिदोरी… अमेरिकेतील ट्रेकर वाटेत रसद कशी भरतात?

मेक्सिकोच्या सीमेवरून निघून कॅनडाच्या सीमेपर्यंत पायी जायचे, तर साधारण पाच महिने लागतात. एवढ्या दिवसांचे जेवण कोणीही पाठीवर घेऊ शकत नाही. म्हणूनच अमेरिकेतील ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ म्हणजेच पीसीटी चालणाऱ्यांना दर काही दिवसांनी वाट सोडून एखाद्या गावात उतरावे लागते. हा दिवस बाहेरून विश्रांतीचा वाटतो. प्रत्यक्षात पुढचा टप्पा नीट पार पडणार की अर्धपोटी चालावे लागणार, हे याच दिवशी ठरते. या वाटेवरील अखेरच्या थांब्यांपैकी एक असलेल्या स्टेहेकिन गावात हे कसे घडते, ते पाहू.

पीसीटी म्हणजे काय?

कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांतून जाणारी ही पायवाट सुमारे ४,२६५ किलोमीटर (२,६५० मैल) लांब आहे. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मिळाला, तर प्रत्यक्ष काम १९९३ मध्ये पूर्ण झाले. वाळवंट, सिएरा नेवाडाच्या बर्फाळ खिंडी आणि कॅस्केड्सची जंगले असा तिचा प्रवास आहे. सर्वात उंच ठिकाण असलेली फॉरेस्टर खिंड सुमारे ४,००० मीटरवर आहे. चेरिल स्ट्रेड यांचे ‘वाइल्ड’ हे २०१२ मधील पुस्तक आणि त्यावरील २०१४ चा चित्रपट यांमुळे ही वाट जगभर पोहोचली. उत्तरेकडे जाणारे बहुतेक जण एप्रिल-मेमध्ये निघतात. सप्टेंबर संपता संपता उत्तरेत बर्फाची चाहूल लागते, त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक दिवस शेवटी महागात पडतो.

शिदोरीचे गणित काय?

आषाढी वारीत दिंडीचा शिधा ट्रकमधून पुढे जातो, वारकऱ्याच्या पाठीवर त्याचे ओझे नसते. पीसीटीवर अशी सोय नाही. तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे, गाळणी, भांडे हे सारे स्वतःच वाहायचे. अनुभवी ट्रेकर हे मूळ वजन पाच ते आठ किलोंच्या आसपास ठेवतात. त्यावर पाणी, म्हणजे लिटरमागे एक किलो. आणि त्यावर अन्न.

दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसाला रोज तीन ते पाच हजार कॅलरी लागू शकतात. म्हणून कमी वजनात जास्त ऊर्जा देणारे पदार्थ निवडले जातात : सुकामेवा, पीनट बटर, चीज, टॉर्टिया, झटपट शिजणाऱ्या नूडल्स, चॉकलेट. तरीही दिवसाला साधारण ८०० ग्रॅम अन्न धरावेच लागते. रोज ३० किलोमीटर चाल धरली, तर स्टीव्हन्स पास ते हाय ब्रिज या सुमारे १७० किलोमीटरच्या टप्प्याला सहा दिवस लागतात. म्हणजे निघताना पाठीवर ४.८ किलो अन्न. जास्त घेतले तर गुडघे बोलू लागतात, कमी घेतले तर पोट.

स्टेहेकिनच का?

शलॅन सरोवराच्या वरच्या टोकाला वसलेल्या या छोट्या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. इथे बोटीने, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने किंवा पायी यायचे. गावात मोबाइलला रेंज नाही. दुकान आहे, पण छोटे. मोठ्या शहरातल्या सुपरमार्केटसारखी निवड तिथे मिळत नाही. तरीही स्टीव्हन्स पासनंतर ट्रेकरसाठी हाच सोयीचा थांबा आहे आणि इथून कॅनडाची सीमा सुमारे १३० किलोमीटरवर आहे.

गावातला दिवस कसा जातो?

हाय ब्रिजच्या आठेक किलोमीटर अलीकडे मुक्काम असेल, तर ट्रेकर पहाटेच उठतो. अॅग्नेस क्रीक ओढ्याच्या काठाने उतरत तो पुलापाशी येतो. तिथून गावाचा धक्का सुमारे १८ किलोमीटर दूर आहे. हे अंतर हंगामात चालणाऱ्या बसने पार करायचे. फेऱ्या मोजक्याच असल्याने एक बस चुकली की दिवसाचे वेळापत्रक कोलमडते. बस वाटेत गावाच्या प्रसिद्ध बेकरीपाशी थांबते. सहा दिवस नूडल्सवर काढलेली माणसे तिथे दालचिनीचे गरमागरम रोल घेण्यासाठी उतरतात.

धक्क्यावर पोहोचल्यावर कामांची यादी सुरू होते. आधी टपाल कार्यालय, कारण त्याची वेळ मर्यादित असते. मग आंघोळ, कपडे धुणे, पॉवर बँक चार्ज करणे, पुढच्या वणव्यांची आणि हवामानाची माहिती घेणे. त्यानंतर खोक्यातले अन्न बाहेर काढून पुठ्ठे आणि जादा वेष्टने काढून टाकायची, दिवसागणिक पुड्या करायच्या. काही जण इथेच मुक्काम करतात. अजिबात न चालण्याच्या दिवसाला ट्रेकरांच्या भाषेत ‘झिरो’ म्हणतात, तर अगदी थोडे चालण्याच्या दिवसाला ‘निअरो’.

टपाल कार्यालय इतके महत्त्वाचे का?

अमेरिकी टपाल खात्यात ‘जनरल डिलिव्हरी’ ही जुनी सोय आहे. पत्ता नसलेल्या माणसाच्या नावाने, त्या गावच्या टपाल कार्यालयात पार्सल पाठवता येते. ते साधारण ३० दिवस राखून ठेवले जाते आणि ओळखपत्र दाखवून घ्यायचे असते. स्टेहेकिनला टपालही बोटीने येते, त्यामुळे खोके बरेच आधी पाठवावे लागते. टपाल कार्यालय रविवारी बंद असते. शनिवारी उशिरा पोहोचलेल्याचे जेवण कुलूपबंद दाराच्या पलीकडे असते आणि तो सोमवारची वाट पाहत बसतो. स्टोव्हचा गॅस विमानाने पाठवता येत नाही, त्याला जमिनीवरच्या टपालाचेच नियम लागतात.

पाच महिने आधी भरलेल्या खोक्यातले पदार्थ तोवर नकोसे झालेले असतात, ही आणखी एक गंमत. त्यासाठी वाटेवरच्या अनेक गावांत ‘हायकर बॉक्स’ असतो. नको ते त्यात ठेवायचे, हवे ते घ्यायचे. पैशांचा व्यवहार नाही.

कॅनडाच्या निर्णयाने काय बदलले?

पूर्वी परवाना घेऊन ट्रेकर सीमा ओलांडत आणि पुढे सुमारे १३ किलोमीटरवर, कॅनडातील मॅनिंग पार्कला चाल संपवत. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडाच्या सीमा सेवेने पीसीटीसाठीचे हे परवाने बंद केले. त्यामुळे आता बहुतेक जण सीमेवरच्या स्तंभाला हात लावून मागे फिरतात आणि जवळपास ५० किलोमीटर उलट चालून हार्ट्स पासला येतात.

याचा हिशेब स्टेहेकिनमध्येच करावा लागतो. पूर्वी इथून सुमारे १४३ किलोमीटर चालायचे होते, म्हणजे पाच दिवस आणि चार किलो अन्न. आता अंतर १८० किलोमीटर झाले, म्हणजे सहा दिवस आणि ४.८ किलो. कागदावरच्या एका निर्णयाने पाठीवर ८०० ग्रॅम वाढले. जुन्या माहितीवर विसंबून खोके भरणाऱ्याला शेवटचा दिवस रिकाम्या पिशवीने काढावा लागेल.

गावच बंद झाले तर?

ही केवळ कल्पना नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात ‘पायोनियर’ नावाचा वणवा सरोवराच्या काठाने सरकत आला आणि स्टेहेकिनच्या रहिवाशांना गाव सोडण्याचे आदेश निघाले. अशा वेळी वाट खुली असली तरी रसदीसाठी आणखी ३० किलोमीटरवरच्या रेनी पासपर्यंत जावे लागते. तिथे महामार्ग आहे आणि कोणी गाडीत घेतले तर पुढचे गाव गाठता येते. स्टीव्हन्स पासपासून हे अंतर सुमारे २०० किलोमीटर होते, म्हणजे सात दिवस आणि ५.६ किलो अन्न. म्हणून जाणकार ट्रेकर नकाशावर वाटेइतकेच गावांकडे लक्ष ठेवतात : बस चालू आहे का, टपाल कार्यालय कधी उघडते, दुकानात काय मिळते.

सायंकाळच्या बसने ट्रेकर पुन्हा हाय ब्रिजला उतरतो. पिशवी सकाळपेक्षा जवळपास पाच किलोंनी जड झालेली असते. पुढचा चढ तिथूनच सुरू होतो.