न्यास, कौटुंबिक
कुटुंबातील व्यक्तींच्या हितासाठी संपत्ती विश्वस्ताच्या स्वाधीन करून निर्माण केलेला खाजगी न्यास. अल्पवयीन मुले, विधवा, वृद्ध वा विकलांग नातेवाईक यांच्या निर्वाहाची तरतूद करणे व संपत्ती अखंड ठेवणे, हे त्याचे नेहमीचे उद्देश होत. संपत्ती देणाऱ्यास न्यासकर्ता, ती स्वीकारणाऱ्यास विश्वस्त व जिच्या हितासाठी ती दिलेली असते, त्या व्यक्तीस हिताधिकारी म्हणतात.

न्यास या शब्दाचा मूळ अर्थ ठेव असा असला, तरी ठेव सांभाळणारा तिचा मालक होत नाही. विश्वस्त मात्र संपत्तीचा कायदेशीर मालक होतो आणि तिचा लाभ हिताधिकाऱ्यास मिळतो. मालकी व लाभ यांच्या या फारकतीतूनच विश्वस्ताच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न उद्भवतो. इंग्लंडमध्ये चान्सरी न्यायालयाने यासंबंधीचे नियम कठोरपणे घडविले. अल्पवयीन हिताधिकाऱ्याच्या नावे भाडेपट्ट्याचे नूतनीकरण करण्यास जमीनमालकाने नकार दिला असतानाही, विश्वस्ताने तो पट्टा स्वतःसाठी घेता कामा नये, असा निर्णय १७२६ मध्ये त्या न्यायालयाने दिला.

भारतात खाजगी न्यासांस भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू आहे. अविभक्त कुटुंबातील सदस्यांचे रूढीने वा वैयक्तिक विधीने ठरणारे परस्परसंबंध त्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणून एकत्र कुटुंबाचा कर्ता या अधिनियमान्वये विश्वस्त ठरत नाही. सामान्य व्यवहारदक्ष मनुष्य स्वतःच्या संपत्तीची जेवढी काळजी घेतो, तेवढी विश्वस्ताने न्याससंपत्तीची घेतली पाहिजे. हिताधिकारी अनेक असल्यास त्याने निःपक्षपाती राहावे, स्पष्ट व अचूक हिशेब ठेवावेत आणि हिताधिकाऱ्याने मागणी केल्यास संपत्तीची संपूर्ण माहिती द्यावी. न्याससंपत्तीतून त्याला स्वतःचा फायदा करून घेता येत नाही. तसेच न्यायालयाच्या परवानगीवाचून ती खरेदी करता येत नाही. उदा., दिवंगत भावाच्या मुलांसाठी विश्वस्त झालेल्या चुलत्याने त्यांचे घर पूर्ण किंमत देऊन घेतले, तरी तो व्यवहार आक्षेपार्ह ठरतो. न्यासभंगामुळे झालेली हानी त्याला भरून द्यावी लागते. एका न्यासभंगातील हानी दुसऱ्यातील नफ्यातून वळती करता येत नाही. न्यासाचा पैसा त्याने धंद्यात वापरल्यास हिताधिकारी चक्रवाढ व्याज किंवा निव्वळ नफा यांपैकी एकाची मागणी करू शकतो. मुदत अधिनियम, १९६३ अन्वये, विशिष्ट प्रयोजनासाठी संपत्ती निहित झालेल्या विश्वस्ताविरुद्ध ती परत मिळविण्याच्या वा हिशेबाच्या दाव्यास कालमर्यादा नाही. अप्रामाणिक अपहार हा भारतीय न्याय संहिता, २०२३ खाली फौजदारी गुन्हाही आहे.

तथापि, या तरतुदींची अंमलबजावणी बव्हंशी हिताधिकाऱ्याच्या पुढाकारावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांवर १९५० च्या अधिनियमान्वये धर्मादाय आयुक्ताची देखरेख असते. कौटुंबिक न्यासांवर अशी देखरेख ठेवणारा कोणी अधिकारी नाही. माहिती मागण्याचा हक्क असला, तरी न्यासाचे अस्तित्वच ठाऊक नसलेला हिताधिकारी ती कशी मागणार? शिवाय विश्वस्त बहुधा घरातीलच वडीलधारा असल्याने त्याच्याकडे हिशेब मागणे हा अविश्वास समजला जातो. न्यासलेखात लवादाचे कलम असले, तरी विश्वस्त व हिताधिकारी यांच्यातील वाद त्यायोगे लवादाकडे नेता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरविल्यामुळे दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो.

सुधारणेचे प्रयत्न मर्यादित राहिले आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने गुंतवणुकीसंबंधीचे जुने कलम बदलले. हिशेब व माहिती यांविषयीच्या तरतुदींस तिने हात लावला नाही. याउलट, न्यूझीलंडच्या विधी आयोगाने २०१३ मध्ये केलेल्या शिफारशींनंतर तेथे न्यास अधिनियम, २०१९ संमत झाला व तो ३० जानेवारी २०२१ पासून अंमलात आला. न्यासाच्या अटी जाणणे, त्यांनुसार वागणे, प्रामाणिकपणा, हिताधिकाऱ्यांच्या हितासाठी कृती करणे व योग्य प्रयोजनासाठीच अधिकार वापरणे ही कर्तव्ये न्यासलेखाने रद्द करता येत नाहीत. न्यासाची मूलभूत माहिती विश्वस्ताने हिताधिकाऱ्यास मागणीवाचून द्यावी, असे गृहीतक त्यात आहे. कौटुंबिक गोपनीयता, हिताधिकाऱ्याचे वय इ. बाबी विचारात घेऊन विश्वस्तास ती रोखता येते. हिशेब मागण्याचा भार दुर्बल पक्षावर न टाकता माहिती देण्याची जबाबदारी विश्वस्तावर ठेवणे, हे या सुधारणेचे मुख्य सूत्र होय.