काळी वाळू आणि चंद्रावरील वसती

रत्नागिरीच्या उत्तरेस काळबादेवी, नेवरे व मालगुंड येथील किनाऱ्यांवर आणि दक्षिणेस पूर्णगडच्या बाजूस वाळूत काळेभोर पट्टे आढळतात. मालगुंड हे मराठी वाचकास केशवसुतांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. भूशास्त्रज्ञास ते या पट्ट्यांमुळेही परिचित असते. हा काळा रंग मुख्यतः मॅग्नेटाइट व इल्मेनाइट या दोन जड खनिजांचा होय. पैकी इल्मेनाइट हे लोह, टिटॅनियम आणि प्राणवायू यांचे संयुग आहे. पृथ्वीवर त्याची किंमत केली जाते ती टिटॅनियमसाठी. चंद्रावर मनुष्याने दीर्घकाळ राहावयाचे ठरविल्यास मात्र हेच खनिज त्यातील प्राणवायूसाठी मोलाचे ठरेल.

चंद्रावरील वसतीचा प्रश्न आता केवळ कल्पनाविलासाचा राहिलेला नाही. २०४० पर्यंत भारतीय मनुष्य चंद्रावर उतरविण्याचे उद्दिष्ट २०२३ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले. परंतु काही दिवस उतरून परत येणे वेगळे आणि तेथे राहणे वेगळे. श्वासासाठी लागणारा वायू ज्या वसतीस दरवर्षी पृथ्वीवरून मागवावा लागतो, तिला वसती म्हणण्यापेक्षा तळ ठोकून बसलेली मोहीम म्हणणे अधिक योग्य. टिकाऊ वसतीचा विचार म्हणूनच पायाखालच्या मातीपासून सुरू करणे भाग आहे.

१९६९ च्या जुलैत अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्राच्या 'शांतिसागर' नावाच्या काळसर मैदानावर उतरले. हे सागर म्हणजे प्राचीन लाव्हाची मैदाने. तेथील खडक बेसाल्टच आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर चंद्रावरचा बहुतांश तीनशे कोटी वर्षांहून जुना. पण दोघांचे कूळ एक. अपोलो ११ व १९७२ मधील अपोलो १७ यांनी आणलेल्या नमुन्यांत टिटॅनियमचे प्रमाण विशेष आढळले आणि त्याचा मोठा वाटा इल्मेनाइटच्या रूपात होता. सह्याद्रीतील खडक झिजून जे खनिज नद्यांनी कोकण किनाऱ्यास आणून टाकले, तेच शांतिसागराच्या धुळीत मिसळलेले आहे.

त्यातून प्राणवायू काढण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. इल्मेनाइट सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यावरून हायड्रोजन वायू सोडला असता हायड्रोजन खनिजातील प्राणवायूचा एक अणू ओढून घेतो आणि पाण्याची वाफ तयार होते. मागे लोह व टिटॅनियम डायऑक्साइड उरतात. वाफ थंड करून त्या पाण्याचे विद्युद्विच्छेदन केले की प्राणवायू हाती येतो आणि हायड्रोजन पुन्हा भट्टीत घालता येतो. हायड्रोजन खर्च होत नाही, तो केवळ फेऱ्या मारतो. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. कारण हायड्रोजन चंद्रावर दुर्मिळ आहे.

आता हिशोब पाहावा. एका मनुष्यास दिवसाला सुमारे ०.८४ किलोग्रॅम प्राणवायू लागतो. चार माणसांस वर्षाला सव्वा टनाच्या आसपास. इल्मेनाइटमधील प्राणवायूच्या तीन अणूंपैकी एकच या रीतीने सुटतो, म्हणजे वजनाच्या सुमारे साडेदहा टक्के. तेव्हा क्रिया पूर्णत्वास गेली असे धरल्यास वर्षाला पावणेबारा टनांच्या आत इल्मेनाइट पुरेल. मातीत ते पाच टक्के आहे असे मानले, तर माती सुमारे २३० टन. कोकणातील एखाद्या चिरेखाणीच्या मानाने हे काम किरकोळच म्हणावे लागेल. खरी भूक श्वासाची नसून अग्निबाणाची आहे. अपोलोच्या चांद्रयानाच्या ज्या भागातून दोघे अंतराळवीर चंद्रावरून परत उडत, त्या लहानशा भागासही सुमारे २.३ टन इंधनद्रव्ये लागत. द्रवरूप प्राणवायूवर चालणाऱ्या यानांत तर भरलेल्या द्रव्याचा बहुतेक भार प्राणवायूचाच असतो.

तरीही अडचण खणण्यात नाही. ती निवडण्यात आहे. येथेच रत्नागिरीची वाळू काही शिकविते. इल्मेनाइट पाण्याच्या सुमारे पावणेपाचपट जड, तर सामान्य पांढरी वाळू अडीचपटीहून थोडी अधिक. लाट वर चढते तेव्हा दोन्ही कण आणते, ओसरताना मात्र हलके कण अधिक वाहून नेते. वर्षानुवर्षे, विशेषतः पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात, ही पाखडणी चालू राहते आणि काळा पट्टा तयार होतो. सुपात धान्य पाखडणाऱ्या हातासारखे हे काम समुद्र फुकट करतो. शिवाय प्रवाहात व लाटांत घासून कण खडकापासून सुटे झालेले असतात.

चंद्रावर यांपैकी काहीच घडलेले नाही. तेथे पाणी नाही, वारा नाही. मातीचे सर्व घडण उल्कांच्या आघातांतून झाले आहे. हे आघात खडक फोडतात आणि त्याच वेळी वितळलेल्या काचेने कण एकमेकांस चिकटवितात. त्यामुळे पुष्कळसे इल्मेनाइट काचेत वा इतर खनिजांत अडकून राहते. कण अतिसूक्ष्म आणि धारदार असतात. अपोलोच्या अंतराळवीरांचे पोशाख या धुळीने खरवडले गेले आणि अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिट यांस तिच्यामुळे शिंकांचा त्रास झाला. अशा मातीतून इल्मेनाइट वेगळे करण्यास चुंबकीय वा स्थितिक विद्युतीय पद्धती वापरता येतात, पण त्यासाठी यंत्र हवे आणि त्या यंत्राचे सांधे धुळीपासून वाचले पाहिजेत.

न निवडताच सगळी माती भट्टीत घातली तर काय होईल? २३० टन माती हजार अंशांपर्यंत तापविण्यास स्थूलमानाने ६४ हजार युनिट वीज लागेल. निवडलेल्या इल्मेनाइटला तीन हजारांच्या जवळपास पुरेल. तप्त मातीची उष्णता काही अंशी परत मिळविता येईल हे खरे, तथापि विसास एक हे प्रमाण नजरेआड करता येत नाही. कोकणात जी ऊर्जा समुद्राने खर्च केली, ती चंद्रावर सौरपट्टांतून मोजून द्यावी लागेल.

सौरपट्ट म्हणताच स्थळाचा प्रश्न उभा राहतो. चांद्रसागरांचा बराचसा प्रदेश विषुववृत्तापासून फार दूर नाही. तेथे सुमारे चौदा दिवसांचा दिवस आणि तितकीच रात्र. दुपारी तापमान १२० अंशांच्या घरात, तर रात्री शून्याखाली सुमारे १७०. चौदा दिवसांची वीज साठविणे हे भट्टीपेक्षाही अवघड काम आहे. ध्रुवाजवळ याउलट स्थिती. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्याने काही उंच कड्यांवर वर्षाचा बहुतेक काळ ऊन राहते, आणि विवरांचे तळ कधीही प्रकाश न पाहिल्याने तेथे बर्फ टिकून आहे. चंद्रयान १ वरील उपकरणाने चंद्रावर पाण्याच्या व हायड्रॉक्सिलच्या खुणा दाखविल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवाजवळील केबियस विवरात मुद्दाम आपटविलेल्या अग्निबाणामुळे उडालेल्या द्रव्यात वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी आढळले.

मग ध्रुवच का निवडू नये? कारण तेथील माती वेगळी आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान ३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. प्रज्ञान गाडीने मोजलेली तेथील माती अॅनॉर्थोसाइट जातीची, म्हणजे चंद्राच्या उंच, फिकट प्रदेशांतील खडकाची, निघाली. अशा मातीत लोह व टिटॅनियम कमी असते. थोडक्यात, जेथे ऊन व बर्फ आहे तेथे इल्मेनाइट तुटपुंजे, आणि जेथे इल्मेनाइट मुबलक तेथे रात्र दीर्घ व पाणी जवळजवळ नाही. वसतीच्या आखणीतील हा मूळ पेच आहे. ध्रुवावर बर्फापासूनच प्राणवायू काढता येईल, परंतु ते बर्फ सदैव अंधारात, शून्याखाली दोनशे अंशांच्या सुमारास गोठलेल्या तळाशी आहे. कोणतीही माती सुमारे १६०० अंशांवर वितळवून तिचे थेट विद्युद्विच्छेदन करण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्यास निवडणी लागत नाही, वीज मात्र बेसुमार लागते.

घराची बाब त्या मानाने सोपी. चंद्रयान ३ वरील तापमापकाने जमिनीच्या वरच्या थरात पुष्कळ उष्णता मोजली, पण अवघ्या आठ सेंटिमीटर खोलीवर शून्याखाली सुमारे दहा अंश. ही माती उष्णतेस इतकी रोधक असल्याने घरावर दोनतीन मीटर मातीचा ढीग घातला की ऊन, थंडी व विश्वकिरण तिन्हींपासून बराच बचाव होतो. भिंतीसाठी जांभ्यासारखा तयार दगड मात्र मिळणार नाही. जांभा पावसाने घडविला. ओला असता तो सहज कापला जातो आणि उघड्यावर कठीण होतो. चंद्रावर चिरा हवा असल्यास माती भाजून घट्ट करावी लागेल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने व इस्रोने २०२० मध्ये जीवाणू, युरिया आणि गवारीच्या डिंकाच्या साह्याने चांद्रमातीसदृश द्रव्याच्या विटा बनविल्या. त्यासही पाणी लागतेच.

असे प्रयोग पृथ्वीवरील पर्यायी मातीवर होतात. तमिळनाडूतील सित्तमपुंडी येथील अॅनॉर्थोसाइट दळून इस्रोने जी माती तयार केली, ती उंच प्रदेशांची प्रतिकृती आहे. सागरांच्या मातीसाठी दख्खनचा बेसाल्ट आणि रत्नागिरीचे इल्मेनाइट जवळचे ठरतात. पण एक फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. चंद्रावरील इल्मेनाइटमधील लोह जवळजवळ सर्व द्विसंयुजी असते. किनाऱ्यावरचे खनिज हवापाण्यात राहून अंशतः त्रिसंयुजी बनलेले असते. ते हायड्रोजनने अधिक वेगाने क्षपित होते आणि जास्तीचा प्राणवायूही देते. अशा वाळूवर भट्टीची चाचणी घेतल्यास उत्पन्नाचा आकडा चंद्रावरच्यापेक्षा फुगलेला येईल. म्हणून भट्टीत घालण्यापूर्वी त्रिसंयुजी लोहाचे प्रमाण मोजून तेवढी वजावट करावी लागते, आणि बरोबर आलेले मॅग्नेटाइट आधी चुंबकाने काढून टाकावे लागते.