ट्रॅक्टरच्या ऑईल स्विचपाशी होणारी गळती

ईट व भूम तालुक्यातील इतर गावांत सोयाबीनची मळणी सुरू झाली म्हणजे ट्रॅक्टर एकाच जागी उभा राहून तासन् तास मळणी यंत्र चालवीत असतो. अशा वेळी इंजिनाच्या ब्लॉकवर तेलाचा ओलसर डाग दिसतो, त्यावर भुसा बसतो व काळी खपली धरते. बहुतेक मालक ती फडक्याने पुसून पुढील कामास लागतात. पुष्कळदा या डागाचे मूळ ऑईल स्विचमध्ये असते.

हा स्विच म्हणजे ब्लॉकमधील मुख्य तेलवाहिनीत आट्यांनी बसविलेले अंगठ्याएवढे बोंड होय. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो. इंजिन बंद असता आतील दोन टोके एकमेकांस टेकलेली असतात, म्हणून किल्ली फिरविताच लाल दिवा लागतो. पंप तेल ढकलू लागला की पडदा दाबला जातो, टोके विलग होतात व दिवा विझतो. यासाठी बहुधा दर चौरस सेंटिमीटरास अर्धा किलोग्रॅमच्या आसपास दाब पुरतो. दिवा विझला म्हणजे दाब भरपूर आहे असे नव्हे, तो अगदीच नाहीसा झालेला नाही एवढेच समजावे.

गळती नेमकी कोठून होते हे प्रथम ठरवावे. तेल वरून खाली ओघळते व पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे वरच्या टॅपेट कव्हरचे तेल स्विचवर आलेले असण्याचा संभव असतो. थंड इंजिनाचा तो भाग डिझेलच्या फडक्याने पुसून कोरडा करावा, त्यावर खडूची भुकटी शिंपडावी व इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे. भुकटी आट्यांच्या कडेने भिजली तर दोष आट्यांत किंवा तांब्याच्या वायसरमध्ये आहे. वायर काढल्यावर टोकाच्या खोबणीत तेल आढळले तर आतील पडदाच फाटला आहे. तेथे कोणताही लेप टिकत नाही. स्विच नवाच बसवावा.

बदलण्याचे काम कठीण नाही. इंजिन थंड असावे व बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. पाना धातूच्या षटकोनावर लावावा, प्लॅस्टिकच्या भागावर नव्हे. इंजिन बंद असता वाहिनीत दाब नसतो, म्हणून थोडेच तेल ओघळते. नवा स्विच त्याच आट्यांचा व त्याच ट्रॅक्टरसाठीचा घ्यावा. निमुळत्या आट्यांवर, पुढचे दोन आटे मोकळे सोडून, लेप अगदी पातळ लावावा. सरळ आट्यांना नवे वायसर घालावे. पांढऱ्या टेपचे वेढ्यांवर वेढे देण्याची जी रीत पडली आहे ती मला पसंत नाही. टेपचा तुकडा तुटून तेलवाहिनीत गेला तर बेअरिंगपर्यंत पोचतो. शिवाय एका तारेच्या स्विचचे विजेचे वर्तुळ ब्लॉकमधूनच पुरे होते. जाड टेपने ते तुटले की दिवा कधी लागतच नाही. निमुळते आटे अति जोराने आवळल्यास बिडाच्या भागास तडा जातो.

याहून वाईट उपाय मी एका खळ्यावर पाहिला. गळणारा स्विच काढून त्या जागी बोल्ट ठोकला होता व तार मोकळी सोडली होती. गळती थांबली खरी, परंतु पुढे तेल कमी पडले असता सूचना देणारे काहीच उरले नाही. मळणीच्या वेळी आसनावर कोणी नसते, म्हणून दिव्याकडे तसेही लक्ष राहत नाही. दाब गेल्यावर क्रँकची बेअरिंगे थोड्याच वेळात घासतात, व मग शाफ्टची दुरुस्ती स्विचच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते. मळणी चालू असता दर थोड्या वेळाने कोणी तरी दिवा पाहून यावा हे बरे.

जुन्या ट्रॅक्टरांत दिव्याऐवजी काट्याचे मीटर असते व त्याला तेलाचीच बारीक नळी जोडलेली असते. हादऱ्याने ती नळी फुटली तर तेल पूर्ण दाबाने बाहेर फवारते. गरम धुराड्याजवळ तेल व सुका भुसा एकत्र आल्यास आगीचे भय असते. अशी नळी डाग देऊन वापरू नये.

स्विच बसविल्यावर किल्ली फिरवून दिवा लागतो का, ते पाहावे. लागत नसल्यास तार काढून तिचे टोक ब्लॉकच्या स्वच्छ धातूस टेकवावे. तरीही न लागल्यास दिवा, फ्यूज किंवा तार यांपैकी काहीतरी निकामी आहे. इंजिन सुरू होताच काही सेकंदांत दिवा विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावे व त्याच छिद्रात कारागिराकडून हातमीटर लावून दाब मोजून घ्यावा. शेवटी ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून डिपस्टिकवरील खुणेइतके तेल भरावे, व दुसऱ्या दिवशी सकाळी स्विचखाली बोट फिरवून पाहावे.