छातीत पाणी की पू? आधी कोणती तपासणी?
पुसद, दिग्रस, उमरखेडकडे "छातीत पाणी झालंय" हे आपण घराघरांत ऐकतो. न्यूमोनिया किंवा टीबीत फुफ्फुसाभोवती साचलेल्या पाण्यात पू झाला, तर उशीर महागात पडतो. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पाणी साधारण 200 मिली झाल्यावरच नीट दिसतं. सोनोग्राफीत त्याहून कमी पाणी दिसतं, आतली जाळी कळते, किरणोत्सर्गही नसतो. लहान मुलांसाठी तीच बरी. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसातलं गळू आणि बाहेरचा पू यांतला फरक ओळखता येतो, पण जाळी तितकी स्पष्ट दिसत नाही. म्हणून आपण सुरुवातीलाच सीटीचा हट्ट धरू नये. पू आहे का, हे शेवटी सुईने पाणी काढूनच ठरतं. त्याला घाबरून थांबलो, तर पू घट्ट होतो, नळीने भागत नाही, ऑपरेशनची वेळ येते. औषध चालू असूनही ताप उतरत नसेल, दम लागत असेल, तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठू या.